मुंगीच्या तोंडाचा फोटो एका क्लिकमध्ये का निघत नाही

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एका मुंगीच्या तोंडाचा फोटो जगभर फिरला, तुमच्याही व्हॉट्सॲपवर येऊन गेला असेल. पेटलेले लाल डोळे, राठ केस, काळपट कातडं, एकदम राक्षसच. लिथुआनियाच्या युजेनियस कावालियाउस्कस यांनी तो काढला होता आणि निकॉनच्या ‘स्मॉल वर्ल्ड’ या मायक्रोस्कोपमधून काढलेल्या फोटोंच्या स्पर्धेत तो नावाजला गेला होता. तेव्हा लोक म्हणाले आजपासून साखरेच्या डब्याजवळ जायची भीती वाटणार, आणि आता असा कुठलाही फोटो आला की पहिली कमेंट ठरलेली, ‘एआय आहे हे’.

एआय नाहीये. पण तुम्ही आम्ही ज्याला फोटो म्हणतो, म्हणजे बटण दाबलं आणि निघाला, तसाही हा प्रकार नाही. असल्या फोटोंमागे बहुतेक वेळा शेकडो फोटो असतात, प्रत्येकातला एक पातळ पापुद्रा तेवढा घेतलेला असतो आणि बाकीचं सगळं टाकून दिलेलं असतं. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. आणि हे कुणी हौस म्हणून करत नाही, दुसरा मार्गच नसतो म्हणून करतात. का नसतो तेच आधी बघू.

अडचण नेमकी काय आहे

लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. फोटोग्राफर पंगतीच्या एका टोकाला बसलाय आणि त्याला शेवटपर्यंतचा प्रत्येक चेहरा स्पष्ट हवाय. नेहमीच्या कॅमेऱ्यात तो जमेल तसे बरेच चेहरे धरतो, कारण फोकसमध्ये येणाऱ्या जागेला पुढून मागे काही जाडी असते. या जाडीला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, मी पुढे नुसतं ‘फोकसची जाडी’ म्हणणार आहे. आता समजा ही जाडी इतकी कमी झाली की पंगतीतल्या एकाच माणसाचं फक्त नाक स्पष्ट येतंय, त्याचे कान धूसर, शेजारचा तर नुसता रंगाचा डाग. कीटकाच्या बाबतीत नेमकं हेच होतं.

आकडे बघा म्हणजे अंदाज येईल. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, दहापट मोठी प्रतिमा पाडणारं चांगलं ऑब्जेक्टिव्ह घेतलं (मायक्रोस्कोपच्या खालच्या टोकाला जी छोटी भिंगांची नळी असते ना, ती) तर फोकसची जाडी भरते साधारण ७ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे मुंगीचं तोंड सोडा, तुमचा एक केस आडवा ठेवला तरी तो पूर्ण फोकसमध्ये येणार नाही, त्याचा एक पापुद्रा येईल फक्त.

बरं, महागडी लेन्स घेऊन हे सुटतं का, तर नाही, उलट वाढतं, आणि हा भाग बऱ्याच जणांना पटत नाही. बारीक बारकावा दिसायचा तर लेन्सने वस्तूच्या एकेका बिंदूपासून निघणारा प्रकाश जास्तीत जास्त रुंद कोनातून गोळा करावा लागतो. पण कोन जितका रुंद तितक्या पटकन ते किरण फोकसच्या पुढे-मागे पसरतात. सूत्र असं की बारकावा दुप्पट केला की जाडी चौपट कमी. पाचपटीच्या नेहमीच्या चांगल्या ऑब्जेक्टिव्हला साधारण २८ मायक्रॉन मिळतात, त्याच घराण्यातल्या दहापटीच्याला ७. म्हणजे जितकी भारी लेन्स तितका पातळ काप.

मग ॲपर्चर बंद करा ना

फोटोग्राफी थोडीफार येणारा प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारतो आणि बरोबरच आहे. लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, लहान केलं की फोकसची जाडी वाढते, हे आपण पहिल्याच आठवड्यात शिकतो. लँडस्केपला एफ १६ लावतो (एफचा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान), सगळं स्पष्ट येतं.

पण मॅक्रोत, म्हणजे छोटी वस्तू जवळून मोठी करून काढताना, लेन्सवर लिहिलेला आकडा खरा राहात नाही. साध्या लेन्ससाठी हिशोब असा, की खरा एफ नंबर म्हणजे लिहिलेला आकडा गुणिले (पट अधिक एक). पाचपट मोठं करताना एफ १६ लावलं तर १६ गुणिले ६, म्हणजे झाला एफ ९६! इतक्या बारीक भोकातून प्रकाश गेला की तो पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात, आणि मग वस्तूवरचा एकेक बिंदू सेन्सरवर साधारण ०.१३ मिलिमीटरचा गोल ठिपका होऊन पडतो. सेन्सरचा एक पिक्सेल असतो ०.००५ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एकेक बिंदू पंचवीसेक पिक्सेल रुंदीचा, आणि असे ठिपके एकमेकांवर चढलेले. सगळं फोकसमध्ये आहे आणि तरीही काहीच स्पष्ट नाही, असा विचित्र फोटो मिळतो. चाळीस मेगापिक्सेलचा कॅमेरा वापरून मोबाइलच्या थंबनेलइतकी माहिती.

तर भोक मोठं ठेवायचं, पातळ काप स्वीकारायचा, आणि काप भरपूर काढायचे.

एकेक चेहरा वेगळा

पंगतीतल्या फोटोग्राफरने काय करावं? पहिल्या माणसावर फोकस, एक फोटो. मग हातभर पुढे सरकून दुसऱ्या माणसावर फोकस, दुसरा फोटो. असं शेवटपर्यंत. घरी आल्यावर प्रत्येक फोटोतला जो चेहरा स्पष्ट आहे तेवढा कापून घ्यायचा आणि सगळे एका चित्रात बसवायचे. स्टॅकिंग म्हणजे एवढंच, बाकी सगळी कारागिरी.

मुंगीचं डोकं पुढून मागे दीड मिलिमीटर धरू, म्हणजे १५०० मायक्रॉन. फोकसची जाडी ७, पण दोन कापांमध्ये फट राहायला नको म्हणून दर वेळी ५ मायक्रॉनच सरकायचं. १५०० भागिले ५, तीनशे फोटो. एका डोक्याचे! ब्रिटिश फोटोग्राफर लेव्हॉन बिस यांनी ऑक्सफर्डच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या कीटकांचे फोटो काढून २०१६ मध्ये प्रदर्शन केलं, त्यात एकेका कीटकासाठी ८,००० ते १०,००० फोटो घेतले होते, कारण त्यांनी कीटकाचे तीसेक भाग पाडले, प्रत्येक भागाला वेगळं लाइटिंग केलं, प्रत्येकाचा वेगळा स्टॅक काढला आणि शेवटी सगळं जोडलं. मग भिंतभर प्रिंट केली तरी जवळ जाऊन बघता येते. पण सगळ्यांनी असंच करायला पाहिजे असं अजिबात नाही, साध्या कामाला पन्नास-शंभर फोटोंत छान भागतं.

पाच मायक्रॉन सरकायचं कसं

हाताने अर्थातच नाही. कॅमेरा एका रेलवर, म्हणजे रुळासारख्या सरकत्या पट्टीवर, बसवतात, रेलला स्क्रू असतो, स्क्रूला स्टेपर मोटर. स्टेपर मोटर म्हणजे जी सलग न फिरता ठरावीक टप्प्यांनी फिरते, थ्रीडी प्रिंटरमध्ये असते तीच. नेहमीच्या मोटरचे एका फेऱ्यात २०० टप्पे असतात, स्क्रूचा एक फेरा म्हणजे १ मिलिमीटर असेल तर एक टप्पा बरोबर ५ मायक्रॉन. किती सुंदर जमलंय बघा. तयार रेल मिळतात, पण इंजिनिअरिंगची पोरं आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारं छोटं इलेक्ट्रॉनिक बोर्ड) लावून घरीही बनवतात, आणि काही जुने खोड जुना मोडका मायक्रोस्कोप घेऊन त्याचा बारीक फोकसचा स्क्रूच रेल म्हणून वापरतात, जे मला सगळ्यात हुशारीचं वाटतं कारण तो स्क्रू मुळात याच कामासाठी बनलेला असतो.

खरी डोकेदुखी हादऱ्याची. ५ मायक्रॉनच्या खेळात फ्रिजचा कॉम्प्रेसर, खालून गेलेला टँकर, शेजारच्या खोलीत चालणारी बायको किंवा नवरा, सगळं फोटोत येतं. म्हणून फ्लॅश वापरतात. कमी पॉवरवर ठेवला तर फ्लॅश सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतक्या वेळातच चमकून जातो, तेवढ्यात हादरा कुठे पोहोचत नाही.

लाइट आणि आंघोळ

कीटकाचं कवच गाडीच्या बॉनेटसारखं चकचकीत असतं. सरळ फ्लॅश मारला की पांढरे ठिपके आणि मधे काळोख. त्यामुळे कीटकाभोवती पांढरं काहीतरी उभं करून प्रकाश सगळीकडून मऊ करून आणायचा, आणि इथे जगभरातले लोक अतिशय स्वस्तातल्या वस्तू वापरतात: अर्धा कापलेला टेबल टेनिसचा बॉल, ट्रेसिंग पेपरची नळी, थर्माकोलचा कप. हजारो डॉलरच्या सेटअपसमोर दह्याचा डबा कापून लावलेला असतो, हे मी गमतीने सांगत नाहीये. चांगल्या लांब पल्ल्याच्या ऑब्जेक्टिव्हचा फायदाही इथेच. काही दहापटीची ऑब्जेक्टिव्ह वस्तूपासून ३४ मिलिमीटर लांब राहून फोकस करतात, म्हणजे प्रकाश आत घालायला जागा मिळते. शाळेच्या मायक्रोस्कोपमधलं ४० पटीचं ऑब्जेक्टिव्ह तर वस्तूला जवळजवळ टेकतं, तिथे प्रकाश घालणार कुठून.

मग स्वच्छता. नुसत्या डोळ्यांना जी मुंगी स्वच्छ दिसते ती दहापटीत उकिरड्यात लोळून आल्यासारखी दिसते, परागकण, धुळीचे खडे, कापडाचे धागे. बारीक ब्रश आणि अल्कोहोल घेऊन तासन्‌तास साफ करावं लागतं. अमेरिकेत यूएसजीएस या सरकारी संस्थेची मधमाश्यांची एक लॅब आहे, तिथे माश्या चक्क साबणाच्या पाण्यात धुतात आणि हेअर ड्रायरने वाळवतात, म्हणजे अंगावरचे केस चिकटलेले न राहता फुलून येतात. त्यांनी असे हजारो फोटो काढून कोणालाही वापरायला मोकळे सोडलेत, वेळ मिळाला तर जरूर बघा.

सॉफ्टवेअर काय करतं आणि कुठे फसतं

तीनशे फोटो झाले. आता झीरीन स्टॅकर किंवा हेलिकॉन फोकस अशा सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे. पहिलं काम सगळे एकमेकांवर नीट बसवणं, कारण फोटोग्राफर पुढे सरकत गेला की पंगतीतला तोच माणूस दर फोटोत थोडा मोठा दिसायला लागतो, ते माप सारखं करावं लागतं. दुसरं काम निवडीचं. एका जागी तीनशे फोटोंत कुठे सगळ्यात जास्त बारीक फरक दिसतो, म्हणजे गडद-फिका, गडद-फिका असा स्पष्ट बदल, तिथे फोकस आहे असं धरतात.

ही निवड करायच्या दोन मुख्य तऱ्हा. एकीत सॉफ्टवेअर आधी नकाशा बनवतं, की कुठली जागा किती खोलीवर आहे, आणि त्याप्रमाणे पिक्सेल उचलतं. रंग आणि पोत खरे राहतात, पण जिथे केसांवर केस आडवे गेलेत तिथे नकाशा गोंधळतो. दुसरीत प्रत्येक फोटोचे जाड आणि बारीक बारकाव्यांचे थर वेगळे करून ते एकत्र करतात, तिला पिरॅमिड म्हणतात. केसांचं जंगल ही तऱ्हा मस्त सोडवते, पण सोबत दाणेदारपणा आणि कॉन्ट्रास्ट वाढवून ठेवते, गुळगुळीत कवच जरा भडक, खरखरीत दिसायला लागतं. म्हणून अनुभवी लोक दोन्ही काढतात आणि हाताने ब्रश फिरवून एकातला भाग दुसऱ्यात घेतात. एका फोटोवर कधी कधी पूर्ण रविवार.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरला जमत नाही. पुढच्या काकांच्या फेट्यामागे जो लपलाय तो पूर्ण कसा दिसणार? कीटकाची पुढची मिशी, म्हणजे अँटेना, धूसर असताना ती पसरून मागचा डोळा झाकते, आणि डोळा फोकसमध्ये आला तरी त्याच्यावर मिशीचा धूसर पडदा असतोच. त्यामुळे मिशीच्या कडेने एक पांढुरकी झालर राहते किंवा केस अर्धे पारदर्शक दिसतात. असा फोटो आला की झूम करून केसांच्या कडा बघा, स्टॅक आहे की नाही ते तिथेच कळतं.

म्हणजे हा फोटो खोटाच की

माझ्या मते नाही, पण प्रश्न फालतू नाहीये. यातला प्रत्येक पिक्सेल कॅमेऱ्याने खरोखर पाहिलेला असतो, कल्पनेने भरलेला नसतो, एआयच्या चित्रात नेमकं उलटं असतं. पण हे सगळं एकाच वेळी असं कुणालाच दिसत नाही, मायक्रोस्कोपला डोळा लावलात तरी नाही, हेही खरं.

गंमत अशी की कॅमेरा यायच्या आधीपासून लोक हेच करत होते. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये पिसवा, माशा, मुंग्या यांची मोठ्ठी चित्रं छापली, मुंगी हलत राहायची म्हणून तिला ब्रँडी पाजून गप्प केलं होतं त्याने. त्याने लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या प्रकाशात, वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा बघून खरा आकार कळल्याशिवाय तो चित्राला हात घालत नसे. फोकसचा स्क्रू फिरवत थोडं थोडं बघायचं आणि कागदावर एक अख्खं चित्र काढायचं, हा डोळ्यांनी केलेला स्टॅकच झाला, फक्त सॉफ्टवेअर म्हणजे हूकचं डोकं.

फसवणूक होते ती दुसरीकडे, बघणाऱ्याच्या डोक्यात. त्या व्हायरल मुंगीचे लाल डोळे हे डोळे नव्हतेच! ती मिशांची, म्हणजे अँटेनांची, बुडं होती. मुंगीचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. फोटोने काहीच खोटं सांगितलं नाही, आपणच माणसाचा चेहरा शोधत होतो. म्हणून असल्या फोटोत कोपऱ्यात मोजपट्टीची रेघ, स्केल बार म्हणतात तो, आणि कुठला भाग कुठल्या बाजूने दिसतोय ही एक ओळ असली पाहिजे असं मला फार वाटतं. नुसतं ‘दहापट’ लिहून काही कळत नाही, ते सेन्सरवरचं दहापट आहे, तुमच्या मोबाइलवर ते वीसपट असेल आणि होर्डिंगवर हजारो पट.

कीटक मारतात का

मोठ्या पटीचे बहुतेक फोटो मेलेल्या कीटकांचे असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पाचशे फोटो होईपर्यंत कुठलाही जिवंत प्राणी एक मायक्रॉनही न हलता बसणार नाही. पण मारायलाच पाहिजे असं नाही, ट्यूबलाइटखाली, खिडकीच्या फटीत, सकाळी गॅलरीत मेलेले इतके सापडतात की फोटो काढून संपत नाहीत. फक्त ताजा असताना काढावा, माशीचे डोळे वाळले की आत बसतात आणि मग फोटो केविलवाणा दिसतो. जिवंताचा स्टॅक करायचा तर पहाटे गारठ्यात, दवात, जेव्हा कीटक सुस्त असतात तेव्हा, कमी पटीत, हातात कॅमेरा धरून दहा-वीस फोटो, इतपत होतं.

पण याचा उपयोग काय

भिंतीवर लावायला छान, पण खरा उपयोग ओळख पटवण्यात. दोन जाती वरून अगदी सारख्या असतात आणि फरक असतो एखाद्या काट्यात, दातात किंवा नराच्या जननेंद्रियाच्या आकारात. आपले शेतकरी उसात, कापसात ट्रायकोकार्ड (कीड रोखणाऱ्या माश्या ज्यातून बाहेर येतात ते कार्ड) लावतात ना, त्यातली ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या नात्यातली चिमुकली माशी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. ती किडीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते म्हणून तर तिला पोसतात. पण तिच्या जाती ओळखताना जगभर घोळ होता. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा या भारतातल्या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की नराचं जननेंद्रिय बघितलं तर त्या नीट वेगळ्या करता येतात. अर्ध्या मिलिमीटरच्या माशीचं जननेंद्रिय! तिथे फोकसच्या एका कापाने काय होणार.

कोळ्यांचंही तसंच (कोळी कीटक नाहीत, आठ पाय, पण फोटोची अडचण तीच). २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात जाहीर झाली, २६/११ ला कसाबला धरताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून तिचं नाव इसियस तुकारामी ठेवलं, बातमी सगळीकडे होती. ‘नवी’ जात कशी ठरवतात तर अशा कामात नराच्या तोंडाजवळच्या छोट्या हातांसारख्या अवयवांचं टोक आणि मादीची जननेंद्रियं हेच मुख्य पुरावे असतात, आणि ते दाखवायचे तर सगळी खोली स्पष्ट दिसायला लागते.

शिवाय ज्या नमुन्यावरून जातीला पहिल्यांदा नाव दिलं तो मूळ नमुना अनेकदा परदेशात असतो. इंग्रजांच्या काळातले आपल्याकडचे कितीतरी कीटक लंडनच्या म्युझियममध्ये टाचणीला टोचलेले आहेत. पुण्यातल्या विद्यार्थ्याने प्रत्येक वेळी विमान कुठून करायचं. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसने अँटवेब म्हणून मुंग्यांचा जो साठा उभा केलाय त्यात एकेका नमुन्याचे समोरून, बाजूने आणि वरून असे ठरलेले स्टॅक केलेले फोटो आणि सोबत त्याच्या लेबलचाही फोटो असतो, फुकट. असं आपल्या सह्याद्रीतल्या किड्यांचं झालं तर किती काम सोपं होईल.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप का नाही वापरत, असं कुणीतरी विचारेलच. वापरतात, त्याच्या फोकसची जाडी खूप जास्त असते आणि तो कितीतरी बारीक बघतो, पण नमुन्यावर बहुधा सोन्यासारख्या धातूचा मुलामा द्यावा लागतो, निर्वात पेटीत ठेवावा लागतो, आणि रंग दिसतच नाहीत. त्या मायक्रोस्कोपचा रंगीत फोटो दिसला की रंग नंतर भरलेत असं खुशाल समजा.

करून बघायचं असेल तर

मोबाइलच्या मॅक्रो मोडने सुरुवात करू नका, निराश व्हाल, तिथे अडचण पटीची असते. जुना डीएसएलआर असेल तर त्याची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्स, उलटी लावायची रिंग मिळते, अगदी स्वस्त, उलटी लेन्स ही झकास मॅक्रो लेन्स होते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे अंबाल्याला बनणाऱ्या शाळेच्या मायक्रोस्कोपमधलं चारपटीचं ऑब्जेक्टिव्ह. ते ट्यूब किंवा बेलोज (भात्यासारखी लांब-आखूड होणारी नळी) लावून सेन्सरपासून १५० मिलिमीटरच्या आसपास धरायचं. त्याच्या फोकसची जाडी ५५ मायक्रॉनच्या आसपास मिळते, म्हणजे ४० मायक्रॉनने सरकलं तरी चालतं, आणि घरमाशीच्या दोन मिलिमीटर खोल डोक्याला पन्नास फोटो पुरतात. एन्फ्यूज नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते स्टॅक करून देतं, पैसेवाली सॉफ्टवेअर्सही महिनाभर फुकट चालवून बघता येतात. फोटो काढताना फॅन बंद, फोकस मॅन्युअल, एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स पण मॅन्युअल, नाहीतर पन्नासातले दहा फोटो पिवळट येतात आणि सगळ्या स्टॅकवर पट्टे उमटतात. आणि सुरुवात माशीच्या डोळ्याने करा, मुंगीने नको, मुंगी काळी आणि चकचकीत असल्यामुळे लाइटिंगलाच जीव मेटाकुटीला येतो.